न वाजणारी खिरापत

रिटायर झालं की नाशिकला फ्लॅट घ्यायचा, असा आमच्या जिल्ह्यात जणू कायदाच आहे. जन्मभर कळवणला मास्तरकी करा, सुरगाण्याला ग्रामसेवक व्हा, नाहीतर देवळ्याकडे दवाखान्यात सुया टोचा, शेवटी म्हसरूळच्या बाजूला दोन खोल्या आणि एक गॅलरी घेऊन बसायचं. का, ते कुणी विचारत नाही. चतुराबाईंनीही विचारलं नाही. सगळा स्टाफ बुकिंग करत होता, त्यांनीही केलं. चौथा मजला, पूर्वेचं तोंड, लिफ्ट, आणि गॅलरीतून चामर लेण्याचा डोंगर. याहून माणसाला काय पाहिजे, असं बिल्डरचा माणूस म्हणाला होता. चतुराबाईंनी मान डोलावली होती.

चतुराबाई म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टर. देवळा तालुक्यातल्या निम्म्या पोरांचा पहिला रडण्याचा आवाज त्यांनी ऐकला आहे, आणि त्यातल्या कितीकांना उलटं धरून, पाठीत चापट मारून त्यांनीच रडवलं आहे. लग्नाचं राहून गेलं. आधी भावांची शिक्षणं होती, मग बदल्या होत्या, मग लोकांनी विचारायचं बंद केलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, कारण वाटायला वेळ नव्हता. जेवायला बसावं तर दारात बैलगाडी, पुढे पुढे जीप, आणि "सिस्टर, चला लवकर" अशी हाक. ताटावर ताट झाकून त्या निघायच्या.

आता ताट झाकायचं काही कारण उरलं नव्हतं. सकाळचा चहा सातला संपायचा आणि दिवस मात्र संपता संपत नसे. मोकळा वेळ ही वस्तू चतुराबाईंनी आयुष्यात पाहिलीच नव्हती. ती एकदम एवढी मोठी दारात येऊन पडल्यावर तिचं काय करायचं, हे त्यांना कळेना. भांडी घासून झाली की त्या पुन्हा घासायच्या. टीव्ही लावायच्या आणि त्यातल्या बायकांच्या डोळ्यांखालची सूज बघून मनातल्या मनात रक्त तपासायला पाठवायच्या.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. जॉगिंग ट्रॅकवरच्या हास्य क्लबात गेल्या. तिथे हात वर करून सगळ्यांनी एकदम हसायचं असतं. चतुराबाईंना हुकुमावर हसू येईना. शेजारी हसणाऱ्या गृहस्थांच्या घोट्यावर सूज दिसली, तेव्हा त्यांनी "बीपी बघून घ्या, मीठ कमी करा" असं जरा मोठ्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहू लागले. मग एका रविवारी, नाशिकचे सगळे लोक जातात म्हणून, त्या मळ्यातली मिसळ खायला गेल्या. झाडांना झोके, पोरांची पळापळ, टेबलाटेबलाला दहा-दहा माणसं. पोऱ्याने फडका मारत विचारलं, "किती जण आहात, काकू?" त्या म्हणाल्या, "येताहेत." आणि कुणी येणार नव्हतं तरी समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवून त्यांनी मिसळ खाल्ली. तर्री चांगली होती, पण परत काही त्या गेल्या नाहीत.

हा "काकू" शब्दही त्यांना टोचायचा. जन्मभर सिस्टर म्हणवून घेतलेल्या बाईला चारशे दोनवाल्या काकू होऊन राहणं जड जातं. पण तक्रार कुणाकडे करणार? सोसायटीतल्या बायका वाईट नव्हत्या. लिफ्टमध्ये भेटल्या की हसायच्या, "बऱ्या आहात ना?" म्हणायच्या, आणि उत्तर यायच्या आत त्यांचा मजला यायचा.

तक्रार करायला एक सरुबाई होती. पण तिच्याकडे तर चतुराबाई उलटंच सांगत बसल्या होत्या.

सरुबाई म्हणजे गिरणेकाठच्या गावातली, बालवाडीपासूनची मैत्रीण. तिचं लग्न गावातल्या गावात झालं, ती तिथेच राहिली. दोन वर्षांमागे मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून खाट सुटली नव्हती. मुलगा सोमनाथ आणि सून बघायचे; बघायचे म्हणजे चांगलंच बघायचे, पण ते दिवसभर कांद्यात. खाटेवर सरुबाई आणि उशाशी बटणांचा छोटा मोबाईल. दर रविवारी संध्याकाळी तो वाजायचाच.

"कशी शे वं चतुरे?" सरुबाई विचारायची. "जेवली का? कोणी मैतरीण भेटली का नाय तिथं?"

पहिल्या रविवारी चतुराबाई म्हणाल्या, "भेटली ना." खाटेवर पडलेल्या बाईला काळजी कशाला द्यायची, एवढाच हेतू. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. पुढच्या रविवारी मैत्रिणीचं नाव सांगावं लागलं. हर्षाली हे नाव सुचलं, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज तेच दिसायचं. मग हर्षालीबरोबर त्या भाजी आणायला जाऊ लागल्या, हर्षालीबरोबर सोमेश्वरला जाऊन आल्या, हर्षालीने त्यांना वाढदिवसाला साडी घेतली. खरी हर्षाली तिसऱ्या मजल्यावरची, पस्तिशीची, बँकेत नोकरी करणारी आणि सदा घाईत असलेली बाई. आपण चतुराबाईंना साडी घेतली हे तिच्या गावीही नव्हतं.

"बरं झालं माय," सरुबाई म्हणायची. "मला घोर होता."

आणि फोन ठेवल्यावर चतुराबाईंना स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटायची म्हणून त्या दुसऱ्या दिवशी जास्तच भांडी घासायच्या.

त्यांना तारलं ते डांगराने. डांगर म्हणजे लाल भोपळा. आमच्याकडे त्याला भोपळा म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. बाजारातून आणलेल्या फोडीतल्या बिया चतुराबाईंनी सहज म्हणून गच्चीवरच्या एका फुटक्या ड्रममध्ये टाकल्या, आणि पावसाळ्यात तो वेल असा काही माजला की पाण्याच्या टाकीला वेढा घालून डिशच्या छत्रीवर चढला. श्रावणात फुलं आली. हातभर पानांतून वर आलेली, केशरी-पिवळी, पेल्याएवढी फुलं. पण पाचव्या मजल्याच्या वर मधमाशी कशाला येते? नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं, आणि दोघांची गाठ घालून देणारं कुणी नाही. फुलं यायची, गळायची, फळ धरत नव्हतं.

मग काय, सिस्टर पुन्हा ड्यूटीवर हजर झाल्या. डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून त्या उजाडता उजाडता गच्चीवर जायच्या. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, आणि आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात अलगद फिरवायचा. मादीची फुलं ओळखायला सोपी, त्यांच्या देठाशी सुपारीएवढं डांगर आधीच बसलेलं असतं. उरलेल्या नराच्या फुलांना गावाकडे वांझ फुलं म्हणतात. चतुराबाईंना हा शब्द कधी आवडला नाही, आणि का आवडला नाही ते सांगायला नको. त्या सगळ्या फुलांना नुसतं फुलं म्हणायच्या आणि त्यांची भजी करून खायच्या. बोटं दुपारपर्यंत पिवळी राहायची. ती पूड साबणाने लगेच जात नाही, नखांच्या कडेला बसते.

अशात नवरात्र आलं आणि ग्रुपवर हर्षालीचा मेसेज आला. रविवारी सहा वाजता पार्किंगमध्ये भोंडला. प्रत्येक विंगमधून एकीने खिरापत आणावी. बी विंगमधून कोण?

चतुराबाईंनी मेसेज तीनदा वाचला. बी विंगमधून कुणी उत्तर देईना. सगळ्या नोकरीवाल्या, खिरापत कोण करत बसणार? दुपारपर्यंत वाट बघून चतुराबाईंनी लिहिलं, "मी आणते." लगेच हर्षालीचं उत्तर आलं. चार हात जोडलेले, तीन फुलं आणि "थँक्यू काकू, यू आर द बेस्ट". त्या रात्री चतुराबाई ते फोनवर पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

आता इथे थोडं मागे जायला हवं. गिरणेकाठी भोंडला नसतो, भुलाबाई असते. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसवायची आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची. गाणी झाली की घरची पोर झाकलेला डबा घेऊन येते. त्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवून बघायचा, कान लावायचा, गोड की तिखट ते विचारायचं. आणि नियम एकदम पक्का: एकतर कुणीतरी ओळखायचं, नाहीतर सगळ्यांनी "हारलो" म्हणायचं. त्याशिवाय झाकण उघडायचं नाही. एकदा एका पोरीने घाई करून आपणच झाकण उघडलं, तर तिला सगळ्या जणी पुढची दोन वर्षं खेळमोडी म्हणून हाक मारत होत्या.

या खेळात सरुबाईचा हात धरणारी पोर पंचक्रोशीत नव्हती. डबा एकदा हलवला की ती म्हणायची "मुरमुरे". दुसरा हलवला की म्हणायची "शेंगदाण्याचे लाडू, आणि त्यातला एक फुटला." उघडून बघावं तर खरंच एक फुटलेला. अशा सरुबाईला हरवायचं म्हणून चतुराने डोकं लढवलं आणि डांगराच्या फुलांची भजी केली. तळून, गार करून, मऊ पडू देऊन, डब्यात झाकणापर्यंत दाबून भरली. डबा हलवा, आपटा, उलटा करा, आवाज म्हणून नाही. सरुबाईने लाडूपासून धिरड्यांपर्यंत सगळं म्हणून पाहिलं. ओसरीवर दिवा लागेपर्यंत ती ओळखत होती. शेवटी कानाच्या पाळ्या धरून म्हणाली, "हारली बाई मी."

पुढच्या वर्षी चतुराने बेसनाच्या जागी तांदळाचं पीठ घेतलं, त्याच्या पुढच्या वर्षी गुळाचं पाणी. सरुबाई दरवर्षी हरली. सगळ्यांची खिरापत ओळखणारी सरुबाई आपली कधी ओळखू शकली नाही, याचा चतुराबाईंना आजही मोठा अभिमान होता. नोकरीत मिळालेल्या कौतुकाच्या पत्राहून मोठा म्हणा ना.

तेव्हा खिरापत कसली करायची, हा प्रश्नच नव्हता. त्या रविवारी सरुबाईला त्यांनी सकाळीच फोन लावला.

"सरे, आज आमचा भोंडला आहे. माझी खिरापत. ढीगभर बायका येणार आहेत."

"हर्षाली शे ना सोबत?"

"ती तर आहेच."

"मग काय करशील खिरापतीला?"

"ते सांगणार नाही."

"मलाबी नाय?" सरुबाई हसली. "बरं बाई. संध्याकाळी फोन करते. कोण कोण हारलं ते सांग मंग."

फोन ठेवून चतुराबाईंनी मनाशी ठरवलं की आज हे खोटं खरं करून टाकायचं. वीस बायकांत एक तरी असेल. ती ओळखेल नाहीतर हरेल, झाकण उघडेल, भजं तोंडात टाकून "काकू, हे काय आहे हो?" म्हणेल, आणि मग बोलणं निघेल. वेल बघायला गच्चीवर येईल. पहाटे फुलं खुडायला सोबत येईल म्हटलं तरी चालेल, चहा मी करीन. इतका सगळा बेत त्या डब्यावर होता.

फुलं पहाटेच खुडून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दुपारी एकेक उघडून, आतला दांडा काढून, देठाजवळची हिरवी कुसळं तोडून त्यांनी ती निवडली. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट. तळताना घरभर असा वास सुटला की त्यांनी दार उघडं ठेवलं, कुणी विचारलं तर असू दे म्हणून. कुणी विचारलं नाही. गार झाल्यावर कडीच्या स्टीलच्या डब्यात भजी थरावर थर लावून दाबली, कडी बसवली आणि डबा कानाशी धरून हलवला. बिलकूल आवाज नाही. चतुराबाई एकट्याच हसल्या.

पार्किंगमध्ये गाड्या बाहेर काढून जागा केली होती. मधे पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, भोवती झेंडूची फुलं. बायका नटून आल्या होत्या. गाणी स्पीकरवर लागली होती आणि सगळ्या जणी तोंड हलवत फेर धरत होत्या. चतुराबाईही फेरात शिरल्या. एका बाजूला पिंपळगावकडची एक वहिनी, दुसऱ्या बाजूला खुद्द हर्षाली. हर्षालीचा हात गरम होता. कितीतरी महिन्यांत कुणाचा हात हातात आला नव्हता, हे चतुराबाईंना तेव्हा लक्षात आलं, आणि फेर लवकर संपू नये असं त्यांना वाटलं.

"काकू, बोटांना हळद लागलीय तुमच्या," हर्षाली हसून म्हणाली.

"हो का?" चतुराबाई म्हणाल्या आणि गुपित जपल्यासारखी मूठ मिटली.

गाणी झाली. ए विंगच्या खिरापतीचा डबा खुळखुळला, तेव्हा पोरींनी "चॉकलेट!" म्हणून एका दमात ओळखलं. मग चतुराबाई पुढे आल्या. डबा पोटाशी धरून पाटाजवळ उभ्या राहिल्या आणि उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी लागायचा तसा त्यांचा आवाज लागला.

"ओळखा."

डबा या हातातून त्या हातात गेला. "वाजतच नाही हो!" "ढोकळा?" "नाही." "इडली?" "नाही." "केक? सँडविच?" "नाही आणि नाही." चतुराबाईंचे गाल तापले होते. एवढ्या बायका एकदम त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "गोड की तिखट?" कुणीतरी विचारलं. "तिखट," त्या म्हणाल्या. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, रिकामा तर नाही ना डबा?" आणि सगळ्या हसल्या. थट्टाच होती, पण चतुराबाईंना ती लागली.

"सांगून टाका ना काकू," पिंपळगावची वहिनी म्हणाली.

"असं कसं? ओळखा, नाहीतर हरलो म्हणा."

म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला, एक पोर पडलं, आणि हर्षाली म्हणाली, "काकू, एक मिनिट हं, आधी सगळ्यांचा फोटो होऊन जाऊ दे, उजेड जातोय. मग तुमची खिरापत." डबा चतुराबाईंच्या हातात परत आला. फोटो झाला. पुन्हा एकदा झाला, कारण कुणाचे तरी डोळे मिटले होते. मग केटररची पावभाजी आली आणि तिचा वास सुटल्याबरोबर फेर मोडला. मग स्पीकरवर गरबा लागला, आणि बाकीच्या विंगमधून पुरुष, पोरं सगळी खाली आली.

चतुराबाई पाटाजवळच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसल्या. हर्षाली दोनदा समोरून गेली. एकदा थांबून म्हणाली, "काकू, पावभाजी घेतली ना?" त्या "हो" म्हणाल्या. आता खिरापतीचं आठवेल, असं त्यांना वाटलं. हर्षालीला आठवलं नाही, तिची टिपरी हरवली होती.

खरं सांगायचं तर चतुराबाईंनी उठून झाकण उघडलं असतं, डबा फिरवला असता, तर बायकांनी भजी आनंदाने खाल्ली असती. कुणी त्यांना खेळमोडी म्हणायला बसलं नव्हतं. पण हे आपल्याला सुचतं. त्यांच्या अंगात ते नव्हतं. कुणी ओळखायचं नाही, कुणी हरायचं नाही, आणि आपणच झाकण उघडून घ्या हो घ्या म्हणत फिरायचं, हे त्यांना भीक मागण्यासारखं वाटलं. त्या उठल्या आणि लिफ्टने वर आल्या. लिफ्टच्या आरशात त्यांना नवं लुगडं नेसलेली, डबा घेतलेली एक म्हातारी दिसली, आणि त्यांना तिची फार कीव आली.

घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी फोन वाजला. खालून गरब्याचा ताल वर येत होता.

"मंग?" सरुबाई म्हणाली. "झाला का भोंडला? काय झालं खिरापतीचं? सांग लवकर, मी दुपारधरनं वाट पाहू राहिले."

चतुराबाई पलंगाच्या कडेला बसल्या. डबा मांडीवरच होता.

"काय सांगू सरे," त्या म्हणाल्या, "एकीलाही ओळखता आलं नाही. सगळ्या हरल्या. कान धरून हरलो म्हणाल्या. झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत फस्त. हर्षालीने तर चार खाल्ली."

"अस्सं!"

"मला एकही मिळालं नाही बघ."

"येकबी नाय उरलं?"

"एकही नाही."

"म्हणजे डबा पार रिकामा?"

"पार रिकामा."

सरुबाईकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग ती म्हणाली, "वाजव बरं."

"काय?"

"डबा. वाजव बरं फोनपाशी."

चतुराबाईंनी डबा उचलला, फोनजवळ नेला आणि जोराने हलवला. काही वाजलं नाही. रिकामा डबा वाजत नाही आणि हा भरलेलाही वाजत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना हायसं वाटलं. आपलं खोटं पचलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," सरुबाई म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "हारली बाई मी, चतुरे. हारली. आता उघड डबा. अन् दोन घास खाय माय. पहाटची फुलं ती, पार सादळून गेली असतील."

फुलांचं चतुराबाईंनी तिला सांगितलं नव्हतं. वेलाचंही कधी सांगितलं नव्हतं. मैत्रिणी भरपूर असलेल्या बाईने पहाटे गच्चीवर एकटीने काय करायचं असतं, म्हणून ते त्यांनी लपवलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"आवाजावरनंच कळलं डबा भरेल शे, अन् खिरापत तुझी सदा तीच. तुझी बोटं वं. दर साली पिवळीधम्मक राहायची. डबा आणायच्या आधीच दिसायची मला."

चतुराबाईंनी हात समोर धरला. नखांच्या कडेला पिवळं होतं.

"म्हणजे पहिल्या वर्षापासून?"

"मंग काय तर."

"आणि दरवर्षी हरत होतीस?"

"ओळखलं असतं, तर तू डबा वाटून घरात निघून गेली असती," सरुबाई म्हणाली. "तुला सदा घाई. मी ओळखत बसायची तोवर तू समोर बसून राहायची. दिवा लागेतो. लय बरं वाटायचं."

चतुराबाईंना रडू आलं. लपवायला आता काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते लपवलं नाही. नाक ओढत त्या म्हणाल्या, "सरे, इथे माझं कुणी नाही गं."

"ठाऊक शे," सरुबाई म्हणाली. "मलाबी इथं कोण शे? खाट शे." मग नाकातून हसल्यासारखी म्हणाली, "उघड आता. हारले ना मी."

चतुराबाईंचा अंगठा कडीवर होता. झाकण उघडलं की खेळ संपला. दोन भजी खायची, कशी झाली ते सांगायचं, मग "ठेवते बाई, सून जेवायला बोलवू राहिली" असं सरुबाई म्हणेल आणि पुन्हा पुढच्या रविवारपर्यंत घर. त्यांनी अंगठा मागे घेतला. डबा मांडीवर नीट ठेवला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू हरलीस ते मी ऐकलंच नाही," त्या म्हणाल्या. "ओळख."

पलीकडे सरुबाईने खाटेवर कूस बदलल्याचा आवाज आला. बहुतेक तिने उशी पाठीशी घेतली असावी.

"वाजव पुन्हा," ती म्हणाली.

चतुराबाईंनी डबा हलवला.

"मुरमुरे?"

"नाही."

"शेंगदाण्याचे लाडू?"

"नाही."

"येक फुटलेला असंल त्यात."

"नाही गं. नीट ओळख."

"थांब वं, घाई नको करू," सरुबाई म्हणाली. "इचार करू दे... धिरडी?"

"नाही," चतुराबाई म्हणाल्या.